ठेव आणि किल्ली

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडते आणि घाट चढू लागण्यापूर्वी तिगावला येते. जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा झाला. कचेरीत हिंदी आणि घरात मराठी असा ह्या भागाचा जुना रिवाज आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आम्ही तेथे एका स्नेह्यांकडे गेलो होतो. पोळा चार-पाच दिवसांवर आला होता आणि गल्लीत बैलांच्या साजाचीच बोलणी चालली होती. आमचे स्नेही निवृत्त शिक्षक. मंडळीच्या गायकवृंदाची आणि रविवारच्या शाळेतल्या गीतांची जबाबदारी गेली कित्येक वर्षे त्यांच्यावर आहे. सारे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून आम्हीही येथे तेच म्हणू.

दारातच काकू म्हणाल्या, "कालपासून असेच बसून आहे जी. घरचं मानूस गेल्यावानी."

आम्हांस वाटले, खरोखरच कोणी गेले असावे. आत गेल्यावर कळले की गेला होता तो एक संगणकाचा प्रोग्राम. गुरुजींच्या पुतण्याने परदेशातून फोन करून बातमी दिली होती की फिनाले बंद झाले. वीस वर्षांपूर्वी ह्या पुतण्यानेच काकांना तो प्रोग्राम विकत घेऊन दिला होता. नातू बाजूलाच मोबाइल घेऊन बसला होता. तो म्हणाला, "आबा, एवढं काय त्यात? दुसरा घ्या ना डाउनलोड करून." प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी आमचे मत नातवाच्याच बाजूचे होते. माणसे जातात, घरे पडतात, पिके बुडतात. अशा जगात एका प्रोग्रामसाठी तोंड पाडून बसणे आम्हांस थोडे लाडावल्यासारखे वाटले. परतीच्या गाडीत बसेपर्यंत आमचे मत बदलले होते. ते का बदलले, ते येथे मांडतो.

फिनाले हा गाणी ऐकण्याचा प्रोग्राम नव्हे. तो संगीत लिहिण्याचा प्रोग्राम आहे. पाच रेघांवर स्वर मांडायचे, खाली शब्द बसवायचे, सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चारही आवाज एकाखाली एक लिहायचे, मग प्रत्येक आवाजाचा कागद वेगळा छापून घ्यायचा. मुलांना पट्टी उंच होत असेल तर सारे गीत एका आज्ञेत दोन सूर खाली आणायचे. हाताने ह्या कामाला आठवडा लागे. फिल फॅरंड ह्या अमेरिकन गृहस्थांनी तो रचला, आणि १९८८ साली तो प्रथम बाजारात आला. पुढे मेकम्युझिक ह्या कंपनीकडे तो राहिला. नाटकगृहांतले वादक, शाळांचे बँडमास्तर, चित्रपटांचे संगीतलेखक, उपासनेची गीतपुस्तके छापणारे, अशा पुष्कळांचे ते रोजचे अवजार होते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर केले की ह्यापुढे फिनालेची नवी आवृत्ती निघणार नाही आणि विक्रीही होणार नाही. त्यांनी दिलेले कारण असे: पस्तीस वर्षांत प्रोग्रामच्या पोटात लाखो ओळी साचल्या आहेत, भोवतालचे संगणक बदलले आहेत, आणि जुन्या इमारतीला नवे मजले चढवणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. ज्यांना हवे त्यांना डोरिको नावाचा दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम १४९ डॉलरांत, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेबारा हजार रुपयांच्या आसपास, सवलतीने मिळणार होता.

आता नातवाचे म्हणणे पाहू. दुसरा घ्यावा, त्यात काय? गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी आम्हांस टेबलाशी नेले आणि आमच्यासमोर एक चाल लिहून दाखवली. त्यांचा डावा हात स्वरांवर, उजवा आकड्यांवर. फिनालेत ५ हा आकडा दाबला की एक ठोक्याचा स्वर पडतो, ४ दाबला की अर्ध्या ठोक्याचा, ६ दाबला की दोन ठोक्यांचा. ते पडद्याकडे पाहतही नव्हते. तोंडाने चाल गुणगुणत होते आणि बोटे आपोआप आकडे शोधत होती. मग म्हणाले, "त्या नव्यात पाचावर अर्ध्या ठोक्याचा स्वर आहे म्हणे. एक ठोक्याचा सहावर. वीस वर्षं बोटांना जे शिकवलं ते आता चुकीचं ठरलं जी."

गवंड्याची थापी आणि शिंप्याची कात्री ह्यांविषयी हे आपण सहज समजतो. जुनी कात्री हरवली तर शिंपी दोन दिवस अस्वस्थ असतो, आणि त्याला कोणी हसत नाही. कारण ती कात्री अर्धी लोखंडाची आणि अर्धी त्याच्या मनगटाची असते. संगणकातल्या वस्तूला वजन नाही, गंज नाही, म्हणून तिच्याविषयीची माया आपल्याला खोटी वाटते, इतकेच.

आमच्या एका वडील बंधूंना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "साधनावर इतका जीव ही मूर्तिपूजेची पहिली पायरी." इशारा हलका घेण्यासारखा नाही. परंतु आम्हांस त्या वेळी प्रेषितांच्या कृत्यांतली दुर्कस आठवली. ती वारली तेव्हा यापो येथील विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या, आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. त्यांनी तिच्या गुणांचे वर्णन केले असेल-नसेल, वस्त्रे मात्र दाखवली. फिनाले बंद झाल्याची बातमी पसरली तेव्हा जगभर पुष्कळांनी हेच केले. मी ह्यावर माझी पहिली सुरावट लिहिली, मी ह्यावर माझ्या विद्यार्थ्यांचे धडे तयार केले, असे ते सांगू लागले. गुरुजींनीही आम्हांस प्रोग्रामची थोरवी सांगितली नाही. त्यांनी कपाट उघडले आणि गीतांच्या वह्या काढल्या. जो शोक झालेले काम दाखवतो, त्याला मूर्तिपूजा म्हणायला आमची जीभ धजत नाही.

तरीही सर्व शोक सारखे नसतात, आणि येथे थोडा भेद करणे भाग आहे. आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना विनअँप आठवत असेल. २००० च्या सुमारास ज्याच्या घरी संगणक, त्याच्या घरी बहुधा विनअँप, आणि त्यावर रांगेने लावलेली गाणी. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच्या मालक कंपनीने तो महिन्याभरात बंद करीत असल्याचे जाहीर केले, तेव्हाही पुष्कळ हळहळ झाली. (पुढे जानेवारी २०१४ मध्ये तो दुसऱ्या कंपनीने घेतला.) पण ती हळहळ सवयीची होती. गाणी ज्याची त्याच्याजवळच होती आणि ती दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामवर वाजत होती. फिनालेचे तसे नाही. त्यात लिहिलेले संगीत त्याच्याच लिपीत साठवलेले असते. तो उघडेनासा झाला तर आतले काम बाहेर कसे यायचे?

ह्या संदर्भात आपल्या पेटीची गोष्ट आठवण्याजोगी आहे. हार्मोनियम परदेशातून आली, मिशनऱ्यांच्या पायपेटीपासून नाटकमंडळीच्या ऑर्गनपर्यंत सर्वत्र रुळली, आणि भजनात तर हातपेटीवाचून पानही हलेना. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, ती परकी आहे, असे आक्षेप होते. १९७१ नंतर ही बंदी सैल होत गेली. तीस वर्षे देशातल्या सर्वांत मोठ्या संगीतसंस्थेने दार लावून घेतले, आणि तरीही पेटी मेली नाही! का मेली नाही? कारण ती कोणाच्या परवानगीने वाजत नव्हती. भाता फाटला तर गावातला सुतार-चांभार मिळून तो चिकटवीत होता. एखादा सूर बसला तर कारागीर ती पट्टी काढून कानसेने घासून परत बसवीत होता. पेटीचे पोट कोणालाही उघडता येत होते. बनवणाऱ्याचे दुकान बुडाले तरी पेटी विकत घेणाऱ्याच्या घरी वाजत राहत होती.

फिनालेच्या पहिल्या जाहीरनाम्यात एक वाक्य असे होते की ज्यामुळे हळहळीचे रूपांतर संतापात झाले. एक वर्ष लोटल्यावर नव्या संगणकावर हा प्रोग्राम चालू करून मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणजे आज तुमचा संगणक ठीक आहे तोवर ठीक. उद्या तो जळाला की पैसे देऊन घेतलेला प्रोग्रामही त्याच्याबरोबर गेला, कारण तो चालू करण्याची किल्ली कंपनीच्या हाती. लोकांनी मोठी ओरड केली, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने तो भाग मागे घेतला. ज्यांच्याजवळ प्रोग्राम आहे त्यांना तो पुढेही नव्या संगणकावर चालू करून घेता येईल, असे सांगितले. चूक लवकर ओळखून मागे फिरणे सोपे नसते. त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

येथे नीतीचा जो प्रश्न आहे तो आम्हांस असा दिसतो. कोणी एखादी वस्तू बनवून विकली तर तो ती जन्मभर बनवीत राहण्यास बांधलेला आहे काय? नाही. सुतार म्हातारा होतो, धंदा परवडेनासा होतो, मुले दुसरीकडे जातात. दुकान बंद करण्याचा हक्क त्याला आहे, आणि "आम्ही तुमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक" म्हणून त्याला जखडून ठेवता येणार नाही. निष्ठा हे कर्ज नव्हे. आपण ज्याच्यावर निष्ठा ठेवतो त्याने कागदावर सही केलेली नसते. येथवर कंपनीची बाजू खरी आहे, आणि शोक करणाऱ्यांपैकी काहींनी तिला विश्वासघातकी म्हटले ते आम्हांस पटत नाही.

परंतु चांभाराने दुकान बंद केले म्हणून आपल्या पायातला जोडा गळून पडत नाही. येथे तो गळून पडणार होता. त्याचे कारण हा व्यवहार नुसत्या विक्रीचा नव्हता, ठेवीचाही होता. गुरुजींनी प्रोग्राम घेतला तेव्हा एक वस्तू त्यांच्या घरात आली. पण त्यानंतर वीस वर्षे वस्तू उलट दिशेने जात होती. त्यांची संध्याकाळ, त्यांचा कान, मंडळीची गीते हे सारे त्या पेटीत जमा होत होते. ज्याच्याकडे ठेव असते त्याला पेढी बंद करता येते, पण ठेव परत केल्यावाचून नाही. आणि ठेव परत करणे म्हणजे ठेवणाऱ्याच्या हाती किल्ली देणे, किंवा ज्या खोलीला कुलूप नाही तेथे ती नेऊन ठेवण्यास मदत करणे.

तशी एक खोली बांधलेली आहे, हे सांगितले पाहिजे. म्युझिक-एक्स-एम-एल नावाची एक समाईक लिपी मायकेल गुड ह्यांनी तयार केली. ती स्वरलेखनाचे बहुतेक प्रोग्राम वाचू शकतात. गमतीची गोष्ट अशी की २०११ पासून ती फिनालेच्याच कंपनीकडे होती, आणि २०१५ साली तिचा सांभाळ सार्वजनिक मंडळाकडे देण्यात आला. ज्या घराने कुलूप लावले त्याच घराने खिडकीही उघडून ठेवली होती, म्हणायचे. ह्या खिडकीतून स्वर बाहेर येतात. मांडणी, अंतरे, अक्षरांची जागा मात्र वाटेत बरीच सांडते आणि हाताने पुन्हा लावावी लागते. मोफत मिळणारा म्युझस्कोअर हा प्रोग्रामही ती लिपी वाचतो.

डोरिकोचीही एक कथा आहे. सिबेलियस हा फिनालेचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्या मालक कंपनीने २०१२ साली लंडनमधले त्याचे कार्यालय बंद करून तो रचणाऱ्यांना घरी पाठवले. त्यांतल्या बहुतेकांना जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने आसरा दिला, आणि त्यांनी नव्याने आरंभ करून २०१६ साली डोरिको बाजारात आणला. आज फिनालेचे निर्वासित त्याच घरी चालले आहेत.

आपल्याकडे बोलताना आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. असे प्रोग्राम आपल्या देशात कितीतरी जण विकत न घेता, कोणाकडून तरी उतरवून वापरीत आले. मंडळ्यांच्या कचेऱ्यांतही हे झाले नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? ज्याने मोल दिले नाही त्याने बनवणाऱ्याच्या कर्तव्यावर बोलावे काय? आमचे मत असे की त्याचे श्रम बुडाले तर त्याला दुःख करण्याचा हक्क आहे, तक्रारीचा मात्र नाही. हे वाचून काहींना राग येईल. येवो.

आता आपल्या बाजूचे. गुरुजींच्या वह्यांत दोनशेच्या वर गीते आहेत. त्यांतली बहुतेक छापील गीतसंग्रहांत मिळतात, त्यांची चिंता नाही. पण पंचवीस-तीस गीते अशी आहेत की जी ह्याच भागातल्या माणसांनी कापणीच्या सणासाठी, लग्नांसाठी, रविवारच्या शाळेच्या मुलांसाठी रचली. ती कोठेही छापलेली नाहीत. रचणाऱ्यांतले बरेच आता हयात नाहीत. ती सारी एका माणसाच्या टेबलावरच्या एका पेटीत आहेत, आणि वीस वर्षांत मंडळीतल्या कोणीही, आम्हीही, विचारले नाही की ह्यांची दुसरी प्रत कोठे आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) ह्यांनी वकिली सोडून ज्या कामाला वाहून घेतले ते हेच. घराण्यांच्या पोटात बंद असलेल्या चिजा ते गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून मिळवीत, आणि साध्या अक्षरांच्या खुणांनी लिहून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत त्यांनी त्या छापल्या. त्यांची लिपी शिकायला कोणाची परवानगी लागत नाही. कागद आहे आणि वाचणारा आहे, तोवर चीज आहे. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी म्हटले की कागदावर गाणे मरते, आणि त्यात थोडे तथ्यही असेल. पण ज्या चिजा कोणी लिहिल्याच नाहीत त्यांचे काय झाले हे विचारायलाही आज कोणी उरलेले नाही.

ह्या बाबतीत आपण मराठी लोक एकदा ठेचाळलेले आहोत. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईचा प्रत्येक प्रोग्राम आपापल्या फाँटमध्ये अक्षरे साठवीत असे. तो फाँट संगणकात नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसे. कित्येक मासिकांचे, अहवालांचे, गीतपुस्तिकांचे जुने मजकूर अशा चिखलात आहेत. आमच्याही कपाटात अशा दोन-तीन तबकड्या आहेत. त्या फेकवत नाहीत आणि वाचवतही नाहीत.

२०२५ च्या फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री उतरत असताना, आम्ही पुन्हा तिगावला गेलो. गुरुजी बरेच सावरले होते. नातवाने त्यांना म्युझस्कोअर लावून दिला होता. तेथे पाचावर एक ठोक्याचाच स्वर पडतो, ही बातमी त्यांनी आम्हांस हसत हसत दिली. रोज दोन गीते फिनालेतून बाहेर काढायची, नव्यात तपासायची, तीन प्रती छापायच्या, एक घरी, एक पाळकांकडे, एक रविवारच्या शाळेच्या कपाटात, असा त्यांचा नेम चालला होता. नातू बाजूला बसून टेनर आणि बास ताडून पाहत होता.

त्या दिवशी कापणीच्या सणाचे एक गीत काढले. २००४ च्या सुमारास लिहिलेले. स्वर सारे नीट आले. शब्दांच्या जागी मात्र चिखल. फिनालेत युनिकोड आले ते २०१२ च्या आवृत्तीपासून. त्याआधी गुरुजींनी गावातल्या एका छपाईवाल्याने दिलेला फाँट वापरला होता, आणि तो जुन्या संगणकाबरोबर केव्हाच गेला होता. त्या फाँटचे नावही आता कोणाला आठवत नाही. ह्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. इतक्या वर्षांत ते गीत कोणी उघडलेच नव्हते, म्हणून कळले नाही.

गुरुजींनी पेटी ओढली आणि चाल वाजवली. काकू चुलीपुढून उठून आल्या, दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि पहिले कडवे म्हणू लागल्या. नातवाने ते लिहून घेतले. दुसऱ्या कडव्यात त्या एकदा अडल्या, मागे गेल्या, परत धरले. तिसऱ्याची चाल गुरुजींनी तीनदा वाजवली. काकू म्हणाल्या, "तोंडावर आहे जी, पन येत नाही." गीत रचणाऱ्या मास्तरांची मुलगी सौसरला दिली आहे. तिला फोन लावला. तिला पहिली दोनच येत होती.

गुरुजींनी तिसऱ्या कडव्याचे स्वर छापले, खालची ओळ कोरी ठेवली, आणि पुढचे गीत उघडले.